पुसून आलेल्या ताटल्या

माझी भावजय रेमोंद खुर्चीवर बसलेली मला आठवत नाही. माझ्या भावाला पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा तिनं काळ्या कपड्यांवरच ॲप्रन बांधला आणि आलेल्या सगळ्यांना जेवायला घातलं. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आमची आई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही.

आमच्या व्हेरनाक गावच्या चौकात, चर्चच्या समोर तिचं रेस्तराँ आहे. फक्त दुपारी उघडं असतं. सूप, मग काहीतरी थंड, मग बदक किंवा ससा, मग चीज, मग गोड, आणि टेबलावर लाल वाइनचा जग. सगळं मिळून सतरा युरो. तेवढ्यात शहरात माणूस उभ्याउभ्या सँडविच खातो. टेबलांवर पांढरेशुभ्र कपडे असतात. ते दर सोमवारी मी इस्त्री करते आणि दर सोमवारी माझी कंबर मोडते. बुटांना शेण लागलेला गुरांचा व्यापारी आणि शहरातून आलेला वकील, दोघांना तोच कपडा, तेच काटेचमचे, तोच ससा. वकिलाला वेगळं काही हवं असेल तर त्यानं आपल्या घरी जेवावं, असं रेमोंदचं म्हणणं. एकाला तिनं ते तोंडावर ऐकवलंही होतं. पुढच्या आठवड्यात तो आपल्या आईला घेऊन आला.

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. तिथून मी भरलेल्या ताटल्या उचलते आणि रिकाम्या परत ठेवते. रेमोंद जेवणाऱ्यांचे चेहरे बघत नाही, ताटल्या बघते. आमच्याकडे चीज येण्याआधी पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घ्यायची पद्धत आहे, कारण चीज इथं खिडकीशी त्याच ताटलीत वाढतात. रस्सा चांगला असला की ताटली धुतल्यासारखी येते. नसला तर माणूस पाव नुसता कडेकडेनं फिरवतो. "तोंडानं लोक काय, काहीही बोलतात," ती मला म्हणायची. "मला पावाचं ऐकू दे."

मार्चमध्ये तिला ताप आला. आठवडाभर पडून होती, म्हणजे पडून राहा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताप गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. जीभही. लसूण करपला तरी तिला कळेना. डॉक्टर म्हणाले, परत येईल, किंवा नाही येणार. हे ऐकायला आम्ही चाळीस किलोमीटर गेलो होतो.

येताना गाडीत ती म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही."

"आणि स्वयंपाक?"

"हाताला माहिती आहे सगळं. ताटल्या पुसून येतायत तोवर मी चूल चालवणार. ज्या दिवशी रस्सा परत यायला लागेल त्या दिवशी दाराला कुलूप. वाईट जेवण मी माझ्या नावावर कुणाला घालणार नाही, ओदील. ते मला जमायचं नाही."

"मी चाखून सांगेन की."

"तू?" ती हसली. "तुला तर पाणीसुद्धा खारट लागतं."

यात तिचं चुकलं नव्हतं. रक्तदाबापायी डॉक्टरांनी माझं मीठ कधीच बंद केलंय. माझ्या जिभेवर मीठ पडलं की मी दचकते. मी तिच्या काही उपयोगाची नव्हते, आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून आम्हा दोघींच्या जिवाला घोर लागला. पूर्वी ती खिडकीशी अधूनमधून यायची; आता तिथून हलेना. एक हात चुलीवर, डोळे बाहेर. मी ताटली ठेवायच्या आत ती हिसकावून उजेडात धरायची. स्वच्छ असायची. दुसरी स्वच्छ, तिसरी स्वच्छ. ती मान हलवायची आणि परत तव्याकडे वळायची, पण खांदे काही खाली यायचे नाहीत. माझेही नाहीत. टेबलाटेबलांमधून फिरताना माझं लक्ष लोकांच्या तोंडांकडे, घशांकडे. कुणी खोकला तरी मी पाण्याचा जग घेऊन धावायचे.

उन्हाळा तसाच गेला. ताटल्या पुसून येत राहिल्या. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मनात पाल चुकचुकत होती, आणि का ते माझं मलाच सांगता येईना.

पहिली गोष्ट एमिलियांची. एमिलियां म्हणजे आमच्याकडचा म्हातारा सुतार. इव्हेत, त्याची बायको, गेल्यापासून रोज दुपारी आमच्याकडेच जेवतो, आणि रोज कुरकुरतो. पाव पातळ कापलाय. सशाला पाय कमी होते का. आजचं चीज बकरीनं रागावून दिलंय. त्याची कुरकुर ऐकल्याशिवाय मला दुपार झाल्यासारखी वाटत नसे. ऑगस्टपासून तो गप्प झाला. जेवायचा, ताटली लख्ख पुसायचा आणि "छान होतं" म्हणायचा. एमिलियांच्या तोंडून "छान" ऐकून मला वाटलं, याला काहीतरी आजार झालाय.

मग मदाम शासाँ. आमच्या शाळेच्या निवृत्त मास्तरीणबाई, कोपऱ्यातल्या टेबलावर ताठ बसून जेवणाऱ्या. सप्टेंबरात शहरातलं एक जोडपं आलं होतं. त्यांनी बदक अर्धवट टाकलं आणि ती दोघं बाहेर फोनवर बोलायला गेली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या टेबलावर हात लांब केला आणि त्या दोघांच्या ताटल्या ओढून, मांस रुमालात गुंडाळून, पावानं रस्सा पुसून घेतला. मी बघत राहिले. मला वाटलं, म्हातारपणी बाईंना हावरटपणा सुटला.

आणि शेवटी वाइन. आमच्याकडचे जुने लोक सूप संपत आलं, तळाशी दोन घोट उरले, की त्यात लाल वाइन ओततात आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकतात. याला शाब्रो म्हणतात. माझे वडील करायचे, त्यांचे वडील करायचे. पण दोन घोट उरल्यावर. नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी मी पाहिलं, की एमिलियां अर्ध्या भरलेल्या वाडग्यात वाइन ओततोय. पलीकडच्या टेबलावर रस्तेदुरुस्तीची पोरं, तीही तेच करतायत. वीस-बावीस वर्षांची पोरं, ज्यांनी शाब्रो फक्त आजोबांकडे बघितलेला. तेव्हा मला आठवलं, की हल्ली मी वाइनचे जग पूर्वीच्या दुप्पट भरतेय.

एवढ्या वाइननं सूपचं काय होतं, ते कुणालाही कळेल. पातळ होतं.

मी एमिलियांला बाहेर गाठलं, चर्चच्या भिंतीशी, तो टोपी घालत होता तेव्हा.

"सूप कसं होतं?"

"छान."

"एमिलियां, तुझं हे छान जरा बाजूला ठेव. मला ते ऐकून अंगावर काटा येतो. कसं होतं?"

त्यानं घातलेली टोपी परत काढली. "समुद्र प्यायल्यासारखं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. आधी मधूनमधून, आता रोज. परवाचा ससा खाऊन मी संध्याकाळपर्यंत पाणी पीत होतो. तिला काय झालंय, ओदील?"

त्याला सांगायची गरज नव्हती. "नाक गेलंय ना?" तो म्हणाला. "माझ्या भावाचं गेलं होतं. चव कळेनाशी झाली की माणूस भीतीपोटी एक चिमूट जास्तच टाकतो."

"मग बोलला का नाहीस? सगळ्या जगाला बोलतोस. माझ्या पावाला बोलतोस."

"कसं बोलू? ती खिडकीत उभी असते, डोळे लावून. माझी इव्हेत आजारी होती तेव्हा रेमोंदनं रोज डबा पाठवला, वर्षभर, एकदा तोंडातून शब्द न काढता. आणि मी तिचा रस्सा टाकू?" त्याचा आवाज चढला. "कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. एका दिवशी मी पुसली, शेजाऱ्यानं बघितलं, त्यानं पुसली. मास्तरीणबाईंनी पुसली. मग कुणालाच थांबता येईना."

मला त्याचा राग आला. सगळ्यांचाच आला. प्रेमानं केलं म्हणून काय झालं? त्या बाईला नाक नव्हतं, जीभ नव्हती. एक पाव होता, आणि तोही यांनी फितवला होता.

"उद्या टाक," मी म्हटलं.

"काय?"

"सूप. उद्या खारट असलं तर टाक. वाइन ओतू नकोस."

"म्हणजे सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारू?"

"हो," मी म्हटलं, "तूच मार. तुझी कुरकुर तिच्या सवयीची आहे. दुसऱ्या कुणी केलं तर ती खचेल."

तो निघून गेला. घरी जाऊन मी टेबलांचे कपडे इस्त्री केले, सोमवार नव्हता तरी. आपण हे योग्य केलं की नाही, मला कळत नव्हतं. कुलूप लावणार म्हणजे लावणार, रेमोंदचा शब्द म्हणजे शब्द. आणि चुलीपासून दूर केली तर ही बाई दिवसभर करेल काय? माझा भाऊ गेला तेव्हा ती चूल होती म्हणून ती उभी राहिली. मी एक कपडा करपवला.

दुसऱ्या दिवशी एमिलियां नेहमीच्या वेळेला आला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसला. मी सूप वाढलं. थोडं सांडलंही. त्यानं दोन चमचे घेतले. मग चमचा खाली ठेवला, अगदी सरळ, वाडग्याच्या उजव्या बाजूला, आणि हात मांडीवर घेतले.

खोलीत काटेचमच्यांचा आवाज कमी कमी होत गेला. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे शाळेत बघायच्या तसं बघितलं. तो हलला नाही.

रेमोंद बाहेर आली. दुपारच्या गर्दीत ती खिडकीच्या अलीकडे कधी येत नाही. तिनं वाडगा पाहिला. मग तिनं त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"काय कमी आहे?"

"कमी काही नाही," एमिलियां म्हणाला. "मीठ जास्त आहे."

"किती?"

"फार."

"आजच?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. "ऑगस्टपासून," तो म्हणाला.

रेमोंदचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं, एकेका टेबलाकडे. रस्तेदुरुस्तीची पोरं ताटलीत बघत होती. "बाई?" तिनं विचारलं.

"मला तर बरोबर लागलं, रेमोंद," मदाम शासाँ म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मी आंधळी झाले होते," रेमोंद म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हातात एक काठी होती. तीसुद्धा तुम्ही काढून घेतलीत." ती उठली आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागली. "जेवण झालं की ओदील दार लावून घेईल. उद्यापासून कुणी येऊ नका."

मला वाटलं, संपलं.

"बंद कर," एमिलियां म्हणाला. "खुशाल कर. आणि मी दुपारी कुणाच्या नावानं बोंब मारू? घरी बसून भिंतीशी भांडू?" तो चांगलाच तापला होता. "एवढे महिने मी छान छान म्हणतोय, माझ्या दातांना कळ लागली. स्वयंपाक येतो तुला. चव कळत नाही, एवढंच ना? मला कळते."

"तुला? तुला काहीही आवडत नाही."

"मग त्याहून चांगला माणूस कुठून आणशील?"

मागे कुणीतरी हसलं, आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. रेमोंद गाठ हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "साडेदहाला. मागच्या दारानं. आणि पाय पुसून ये."

तो दुसऱ्या दिवशी सव्वादहालाच हजर. रेमोंदनं चमचा पुढे केला. त्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं. "मिळमिळीत." तिनं चिमूट टाकली. "अजून." अजून टाकली. "बास, बास, आता हात मागे घे." दोघं अर्धा तास भांडत होती. ती त्याच्याभोवती फिरत होती, झाकणं काढत होती, लावत होती. खिडकीशी येऊन रिकाम्या खोलीकडे बघून परत जात होती. तिचा घोर गेला नव्हता. नाकही परत आलं नव्हतं. अजून आलेलं नाही.

दुपारी लोक आले, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि नेहमीपेक्षा जरा गप्प. सूपचे वाडगे रिकामे आले. शाब्रो फक्त म्हाताऱ्यांनी केला, तळाशी. सशाच्या ताटल्या पुसून आल्या. रेमोंद त्या उजेडात धरून बघत होती, पण तिचा चेहरा काही मोकळा होईना. स्वच्छ ताटलीवर तिचा विश्वासच राहिला नव्हता. या वेळी खरं की परत दया, हे तिनं कशावरून ठरवायचं? प्रत्येक ताटलीला ती माझ्याकडे बघायची.

मग मी गोडाच्या ताटल्या उचलायला गेले. मास्तरीणबाईंच्या ताटलीत अक्रोडाचा टार्ट निम्मा उरलेला होता. मी ती इतर ताटल्यांखाली सरकवली आणि खिडकीकडे निघाले.

"ती खालची दाखव," रेमोंद म्हणाली.

मी दाखवली. तिनं ती दोन्ही हातांत घेतली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, काय झालं?"

मदाम शासाँ लाल झाल्या, अगदी कानापर्यंत. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई ती. त्यांनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला.

"खालचं पीठ कच्चं राहिलंय, रेमोंद," त्या म्हणाल्या. "मला नाही खाववलं."

रेमोंद तो अर्धा टार्ट घेऊन आत वळली. तिचे खांदे खाली आले होते. मार्चपासून पहिल्यांदा.

"ऐकलंस, ओदील?" ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "कच्चं राहिलंय म्हणे."