टेलरबाईंची दहा मिनिटं

टेलरबाईंच्या हातून चूक कधी होत नसे. शर्ट पोटावर आवळला तर गिऱ्हाईक सुटलेलं असायचं, पँट आखूड झाली तर पोरगं वाढलेलं असायचं, आणि कापड आटलं तर दोष धुणाऱ्याचा. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात बाईंनी ‘चुकलं माझं’ असं म्हटल्याचं त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं, आणि तो बिचारा तेहेतीस वर्षं कान देऊन बसला होता.

दुकान गावाच्या खालच्या टोकाला, तळ्याला लागूनच. दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीवर पुठ्ठ्याचे साचे आणि खिडकीत एक वॉकीटॉकी. तो लेकीने आणून ठेवलेला. लेक गावच्या आग विझवणाऱ्या पथकाची प्रमुख. वरचं जंगल दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे पेटायचं आणि उतारावरची घरं अगदी त्याच्या तोंडाशी. दोन वर्षांत लेकीने गावाला भंडावून सोडलं होतं. घराभोवती तीस पावलं वाळलेलं गवत ठेवायचं नाही, सरपण भिंतीला टेकवायचं नाही, पन्हळीतला पाचोळा काढायचा. लोक कुरकुरायचे, पण करायचे, कारण नाही केलं तर ही बया स्वतःच विळा घेऊन दारात हजर. तिचं घर सगळ्यांत वर, झाडांना खेटून. नवराबायकोने सुट्टीच्या दिवशी विटा वाहून वाहून तीन वर्षांत उभं केलेलं.

लेकीच्या नकाशावर तळ्याभोवती निळा गोल होता. आग लागली की हेलिकॉप्टर तिथे येणार, खाली लटकणारी भली मोठी बादली तळ्यात बुडवणार आणि आगीवर नेऊन ओतणार. दुसरं पाणी म्हणजे थेट धरणाचं, तिथून एकेका खेपेला अर्धा तास.

आणि नेमक्या त्याच तळ्यावर बाईंनी जाळी घातली होती.

हेतू वाईट नव्हता. उन्हाने पाणी दर आठवड्याला चार बोटं उतरत होतं, ते त्यांना बघवेना. लेक महिनाभर शहरात प्रशिक्षणाला गेली होती. तेवढ्यात बाईंनी हिरव्या शेडनेटचे सहा लांबलचक पट्टे आणले, पोती शिवायच्या हातमशीनने एकमेकांना जोडले आणि काठावरच्या खुंट्यांना ताणून बांधले. तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. एक सुरकुती दिसेल तर शपथ. तळ्यावरचा पंपवाला म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही तर तळ्याला झबलं शिवलंत!’’ बाई आठ दिवस हवेत होत्या.

लेक परत आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

‘‘आई, ही आधी काढ. बादली बुडायची कशी?’’

‘‘काढते गं. शनिवारी काढते.’’

शनिवार गेला. सोमवारी लेकीने जाता जाता दारातूनच विचारलं, ‘‘काढलीस ना?’’ बाई शाळेच्या गणवेशांच्या ढिगात मान घालून बसल्या होत्या. ‘‘हो हो,’’ त्या म्हणाल्या. म्हणजे काढायचीच होती. उद्या.

मंगळवारी दुपारी साडेबाराला डोंगर पेटला.

आधी वास आला, मग धुराचा लोट, आणि अर्ध्या तासात सूर्य तांबडा झाला. म्हातारीकोतारी, पोरंबाळं आणि गुरं रस्त्यापलीकडच्या मैदानावर हलवली. जावईबापू नातीला खांद्यावर घेऊन पळाले. लेक मात्र तिघा साथीदारांना आणि पाण्याच्या टँकरला घेऊन वर गेली, आपल्याच घरापाशी, कारण आग पहिल्यांदा तिथेच पोचणार होती. तिथे अडली तर खालची दहा घरं वाचणार होती.

मग आलं विमान! दुकानाची कौलं थरथरली. बाई धावत बाहेर आल्या तर ते डोंगराच्या माथ्यालगत, झाडांना घासतंय की काय असं वाटावं इतकं खालून गेलं आणि त्याच्या पोटातून आग रोखणारी पूड कालवलेल्या लालभडक पाण्याचा पडदा सुटला. डाव्या अंगाची आग त्या लाल पट्ट्याशी येऊन अडखळली. लोकांनी आरोळी ठोकली. बाईंनीही ठोकली. पण विमानाला पुन्हा भरून यायला तास लागणार होता, आणि उजव्या अंगाची आग सुसाट खाली येत होती, सरळ लेकीच्या घरावर.

‘‘आई, ऐकू येतंय?’’ वॉकीटॉकी खरखरला. ‘‘हेलिकॉप्टर पाच मिनिटांत तळ्यावर येतंय. लोकांना काठापासून लांब ठेव. माझ्या टँकरमध्ये दहा मिनिटांचं पाणी उरलंय.’’

बाईंनी तळ्याकडे पाहिलं. हिरव्या पाण्यावर हिरवी जाळी. वरून पाहणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. बादली जाळीत अडकली तर हेलिकॉप्टरच खाली ओढलं जाईल.

क्षणभर बाईंच्या मनात आलं, बोलायचंच नाही, पाच मिनिटांत गुपचूप कापून टाकू. क्षणभर कसलं, चांगलं अर्धं मिनिट आलं; उगाच खोटं कशाला बोला. मग त्यांनी बटण दाबलं. त्यांचं बोलणं लेकीला, पथकाला, वैमानिकाला, सगळ्यांना एकदमच ऐकू जाणार होतं.

‘‘ऐका. तळ्यावर जाळी आहे. मी काढली म्हटलं होतं, पण काढलेली नाही. चुकलं माझं. हेलिकॉप्टर खाली आणू नका.’’

मग वैमानिकाचा आवाज आला. ‘‘बाई, किती वेळात निघेल? नाहीतर मी धरणाकडे वळतो.’’

‘‘दहा मिनिटं द्या!’’

‘‘दिली. पण एक तुकडाही मोकळा सोडू नका. पंख्याच्या वाऱ्याने उडून वर आला तर आम्ही संपलो.’’



वॉकीटॉकी कमरेला खोचून बाई तळ्याकडे धावल्या. नवरा, पंपवाला, आणखी दहा-बारा माणसं आधीच पोचली होती. पंपवाल्याने विळ्याने जाळी कापायला घेतली, तर ती पात्याखालून निसटायची आणि जिथे कापली जाई तिथे चिंध्या फडफडू लागत. बाईंनी त्याचा हात धरला.

‘‘कापू नका! उसवा! मधली शिवण उसवली की दोन अर्ध्या होतील. मग आपापल्या काठाला ओढा आणि गुंडाळा.’’

पोत्याची शिवण ज्याने कधी उघडली असेल त्याला ठाऊक आहे. जिथे शिवण संपली त्या टोकाचा बरोबर दोरा ओढला की अख्खी शिवण सर्रकन निघते. चुकीच्या टोकाने ओढला तर नुसती गाठ बसते आणि माणूस शिव्या देत बसतो. बाईंनी जवळचं टोक धरून ओढलं. गाठ बसली. पुन्हा ओढलं. आणखी घट्ट बसली. डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरत होतं आणि बाईंना काही केल्या आठवेना की शिवायला सुरुवात कुठून केली होती.

‘‘अगं, त्या दिवशी सकाळी तू इथूनच शिवायला लागली होतीस,’’ नवरा ओरडला. ‘‘इथेच बसून मी तुला चहा दिला होता!’’

म्हणजे शिवण संपली होती पलीकडे, डोंगराच्या बाजूच्या काठावर. बाईंनी पदर खोचला आणि पळत सुटल्या. गुडघे दुखताहेत हे त्या साफ विसरल्या. पलीकडे धूर इतका की डोळे उघडेनात. जाळीची कड चाचपत चाचपत दोऱ्याचं टोक हाती लागलं. ते उसवू नये म्हणून त्यांनी स्वतःच काडीने जाळून पक्कं केलेलं, किती ती हौस! कात्रीने टोक उडवलं, दोरा बोटाला गुंडाळला आणि ओढला. हलेना.

‘‘बाई, दहा झाली!’’ कमरेचा वॉकीटॉकी बोलला.

‘‘आणखी थोडं! जाऊ नका!’’

शेजारचा दोरा धरला. दातांत पकडून असा काही हिसका दिला की तोल जाऊन त्या मागे बसल्याच, आणि टप्, टप्, टप्, सर्रर्र! शिवण पळत सुटली. हिरव्या जाळीत इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत पाण्याची चमचमती फट उघडली. माणसं ओरडली. दोन्ही काठांवरून ‘ओढा, ओढा’चा एकच गजर झाला. जाळीच्या वळकट्या झाल्या, त्यांवर दगड आले, दगड पुरेनात तिथे माणसं बसली. बाईंचा नवरा आपल्या अख्ख्या वजनानिशी एका वळकटीवर बसला. ते वजन कुणाच्या कामी येईल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

‘‘या!’’ बाई किंचाळल्या. ‘‘तळं मोकळं आहे, या!’’

आणि ते आलं. वाऱ्याने पाणी पिंजून निघालं, सगळे चिंब झाले, बादली तिरकी झाली, बुडाली आणि भरून, ठिबकत वर गेली. बाई भिजलेल्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिल्या. ती धुरात शिरली. दिसेनाशी झाली.

मग लेकीचा आवाज आला, खोकत, हसत, ‘‘पडलं! बरोब्बर परसात पडलं! आणखी आणा!’’

बाईंना रडू कोसळलं आणि त्या मोठ्याने हसूही लागल्या. त्यानंतर त्यांनी खेपा मोजल्या. एकोणीस. वरून पाणी पडलं की आग दबायची, आणि ती पुन्हा उसळायच्या आत लेक आणि तिचे साथीदार फावड्यांनी, ओल्या गोणपाटांनी तिला झोडपून काढायचे. अडीचच्या सुमारास विमान परतलं, त्याने दुसरा लाल पट्टा ओढला आणि आगीला पुढे जायला जागाच उरली नाही. लेकीचं कुंपण गेलं, मोरीची खोली गेली. घर राहिलं. अकराच्या अकरा घरं राहिली.

पाच वाजता लेक खाली उतरून आली. भुवया करपलेल्या, तोंड काळं, नुसते दात चमकत होते. बाईंनी तिला मिठीत घेतलं ते सोडेचनात. तेवढ्यात तिचा एक साथीदार म्हणाला, ‘‘रागवा हिला, बाई. टँकर संपला तेव्हा आम्ही म्हटलं, घर सोड, खाली चल. ही हलायलाच तयार नाही. चार मिनिटं कोरडी नळी धरून उभी होती. म्हणे, आईने दहा मिनिटं सांगितलीत.’’

त्यांनी लेकीला दंडाला धरून समोर उभं केलं.

‘‘माझ्या शब्दावर थांबलीस? अगं मूर्खे, मी आजवर एक तरी कपडा सांगितलेल्या दिवशी दिलाय का?’’

‘‘माहीत आहे की,’’ लेक म्हणाली. ‘‘म्हणून तर मी वीस धरली होती.’’