धाबं पाडलं, कौलं चढवली

आमच्या घराला झालर आहे. छपराच्या कडेला लाकडाची, पानाफुलांची नक्षी कोरलेली, आणि एक नव्हे, एकाखाली एक अशा दोन. गावात अशी झालर दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ज्याला थोडी तरी अक्कल आहे त्याच्याकडे ती कधी असणारही नाही. वाटेने जाणारा परका माणूस थांबून वर बघतो. त्याला वाटतं, घरमालक मोठा रसिक असावा. मी तो घरमालक आहे, आणि मला त्या झालरीकडे पाहवत नाही.

तापीकाठच्या आमच्या गावात सगळी घरं धाब्याची. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा, किलच्यांवर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून सपाट. खाली घराला जेवढी जमीन, तेवढीच वर. उन्हाळ्यात सगळं घर शिडीने वर जाऊन झोपायचं. तूर, मिरच्या, शेंगा वर वाळायच्या. पाऊस लागण्याआधी नवी पांढरी माती टाकायची, बडवायची, पन्हाळी मोकळी करायची, की झालं. भिंतीही मातीच्या, हातभर जाड. वैशाखात बाहेर जमीन भाजत असली तरी आत माणूस दुपारी झोपू शकत असे.

आमचं धाबं गल्लीत सगळ्यांत मोठं होतं. त्यावर कुठल्या झाडाची सावली पडत नसे, सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत ऊन. म्हणून चैत्र लागला की गल्लीतल्या बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला आमच्याकडे यायच्या. भिजवलेली ज्वारी कांडून, दळून तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, तिखट घालायचं, आणि गरम आहे तोवर ओल्या लुगड्यावर हाताने गोल गोल थापायचा. वाळले की कापड उलटं करून पाण्याचा हात फिरवायचा, बिबडे सुटून येतात. एकटीदुकटीचं हे काम नाही. आज हिचे, उद्या तिचे, अशा पाळ्या लागत आणि प्रत्येक पाळीला सगळ्या जणी राबत. पीठ जिचं तिचं, पण धाबं आमचं. त्यामुळे एक रीत ठरून गेली होती: घाट्याचं भांडं वर आलं की पहिला चाटू धाबेवालीने चाखायचा. तिने मान हलवली की मगच कापडावर हात पडायचा. मीठ कमी, खार जास्त, घाटा कच्चा, हे सगळं तीच सांगणार, आणि तिच्यापुढे कुणी बोलणार नाही.

ती धाबेवाली म्हणजे माझी आई.

मी मराठी शाळेत असताना वडील गेले. त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक मंगल कामात आईची जागा मागच्या दाराशी झाली. हळदीला नाही, ओटी भरायला नाही, नवरी वेशीतून आली तर समोर नाही. लग्नघरी ती चुलीमागे बसून कांदे चिरायची. पुढे असायची समोरच्या घरातली माझी चुलत काकी. तिचा नवरा धडधाकट, कुंकू आठ आण्याएवढं, आवाज त्याहून मोठा. या दोघींचं माझ्या जन्माआधीपासून पटत नव्हतं. तिच्या धाब्याच्या पन्हाळीचं पाणी गल्ली ओलांडून आमच्या दाराशी येत होतं, एवढंच त्याचं मूळ. पण दोघींनी ते चांगलं खतपाणी घालून वाढवलं होतं. फक्त चैत्रात काकीला आमची शिडी चढून यावं लागे आणि आईची मान हलेपर्यंत चाटूकडे बघत बसावं लागे. धाब्यावर कुणी कुणाचं कुंकू पाहत नसे. आई तेव्हा पदर कमरेला खोचून उभी असायची, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बाकीचं वर्ष तिचा आवाज मला आठवतच नाही.

हे सगळं मला माहीत होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी नंदुरबारला कचेरीत कारकून होतो. साहेबाचा बंगला कचेरीच्या मागे होता. उतरतं कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यापुढे बाग, बागेत वेताच्या खुर्च्या. साहेब संध्याकाळी तिथे बसून हवा खात असे. मी त्या बंगल्यात कधी बसलो नाही. कागद घेऊन पायरीपाशी उभा राहायचो, आणि उभ्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच पाहून आलो. साहेबाच्या घरी बिबडे लागत नव्हते, साहेबाची आई सातासमुद्रापलीकडे होती, आणि साहेब तीन वर्षांत बदलून जाणार होता, हे पायरीवरून दिसत नाही.

आगीत तेल ओतायला माझा मेहुणा होता. नवापूरला त्याचा लाकडाचा धंदा. सुरतेला माल पाठवायचा, आणि मालाबरोबर दोन-चार दिवस स्वतःही जाऊन यायचा, तेवढ्यावर स्वतःला सुरतकर समजायचा. तो आला की आमच्या घरात बसायच्या आधी वर बघून डोक्यावर हात धरायचा, जणू माती पडते आहे. धाबं म्हणजे गावंढळपणा, नोकरदाराच्या घराला ते शोभत नाही, सरकारी माणूस आला तर काय म्हणेल, हे तो इतक्यांदा म्हणाला की मलाच वर बघितल्यावर माती दिसू लागली. सागवान त्याच्याकडचंच घ्यायचं, हेही त्याने त्याच दमात ठरवून टाकलं.

मिस्त्री नंदुरबारचा, बापजाद्यांपासून सुतारकाम करणाऱ्या घरातला. हात चांगला होता, पण त्याला नक्षीचं वेड होतं. एका जुन्या कॅलेंडरवरचं बंगल्याचं चित्र तो कोटाच्या खिशात घालून हिंडायचा. झालर एक की दोन, असं त्याने विचारलं. मी दोन म्हणालो. तो इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने मला साहेब म्हटलं, आणि मी तेवढ्यावर आणखी एक कमान मान्य केली.

धाबं पाडायच्या आदल्या संध्याकाळी आई माझ्यापाशी आली. तिने झालरीबद्दल विचारलं नाही, पैशाबद्दल नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, बिबडा कोठे घालसूत?"

मी म्हणालो, "आई, अंगण मोठं होणार आहे. अंगणात घाला."

आमच्या घरात तिला सगळे माय म्हणत. मीही तोवर मायच म्हणत होतो. आई हा कचेरीतला शब्द त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघाला, आणि तिला तो नीट ऐकू आला असावा, कारण ती तशीच वळून चुलीपाशी गेली.

आता त्या अंगणाचं सांगतो. घरापुढे पूर्वी मातीचा ओटा होता. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीचा, वर धाब्याहून ठेंगण्या निंबाची सावली. येणारा-जाणारा तिथे टेकायचा, बायका धान्य निवडायच्या. मी ओटा खणून काढला, कारण साहेबाच्या बंगल्याला ओटा नव्हता. निंबही तोडला, कारण त्याचा पाला बागेत पडला असता. मग बाग केली. क्रोटनच्या कुंड्या आणल्या. क्रोटनला फूल नाही, फळ नाही, वास नाही, शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही; अशा झाडाला आम्ही शोभेचं झाड म्हणतो. व्हरांड्यात कड्यांचा झोपाळा टांगला. आणि मधोमध कारंजं बसवलं. ज्या गावात उन्हाळ्यात बाया दोन-दोन खेपा करून पाणी आणतात, तिथे कारंजं. त्याची टाकी उंच चौथऱ्यावर होती. गड्याने विहिरीचं पाणी शेंदून, छोटी शिडी लावून ती भरायची, मग पाहुणा आला की तोटी सोडायची. पाहुण्याने वाहवा म्हणेपर्यंत कारंजं चाले. त्यानंतर हौदातलं पाणी बैल प्यायचे. त्या सबंध बांधकामाचा खरा उपयोग कुणाला झाला असेल तर त्या बैलांना.

सुरतेकडून आगगाडीच्या वाघिणीने कौलं आली आणि छपरावर चढली. सगळं पुरं झालं तेव्हा मेहुण्याने हार आणला होता. आई दारात येऊन उतरत्या लालभडक छपराकडे बघत राहिली. मग मेहुण्याला म्हणाली, "आते वर कोन चढी? माकडं?"

मेहुणा खूप हसला. आमराईतली वानरं पुढच्याच मोसमात आली आणि पन्हाळीपासून आढ्यापर्यंत कौलं फोडून गेली. पावसाळ्यात खोल्यांत परातीच्या पराती मांडल्या. उन्हाळ्यात आत भट्टी. रात्री झोपायला वर जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही क्रोटनच्या कुंड्यांमध्ये खाटा टाकून डास मारत पडायचो. दिवसा त्याच जागी बसून मी पाहुण्यांना सांगायचो की इथे हवा छान येते.

चैत्र लागला. अंगणात कुठे काही घालणं शक्यच नव्हतं. जागा बागेने खाल्ली होती, आणि उरलेल्या पट्टीत कोंबड्या, कुत्री आणि रस्त्याची धूळ. बायका सवयीने फाटकापाशी आल्या, आत डोकावल्या, कारंज्याकडे बघून आपापसांत काहीतरी बोलल्या आणि परत गेल्या. मग काकी स्वतः आली. तिने आवाज चढवला नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा तिचा साधा आवाजच होता.

"ये वं बहीन," ती आईला म्हणाली. "आते मन्हं धाबं तेच तुन्हं धाबं." आणि फाटकातून वळता वळता, "तुन्ही शिडी मोठी शे. ती बी धाडी दे. तुले आते काय कामनी?"

शिडी मी गड्याबरोबर धाडली.

आई गेली. न जाऊन काय करणार. घरात वर्षाचे बिबडे हवेत, आणि चैत्रात घरी बसलेली बाई म्हणजे आजारी तरी नाहीतर रुसलेली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, झोपाळ्यावर बसून समोर बघत होतो. आईला एका कडेला, कावळे हाकायला काठी देऊन बसवलेलं दिसत होतं. पुढचं माझ्या बायकोने सांगितलं, ती वर होती. काकीने घाट्यात मिठाच्या मुठी टाकल्या, चाटू उचलला, चाखला. मान हलवली. कापडापाशी बसलेल्या बायकांचे हात मात्र हलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. सगळ्या आईकडे बघत राहिल्या. काकीचा चेहरा पडला. तिने चाटू तसाच आईपुढे केला आणि म्हणाली, तू बी चाख.

आई म्हणाली, "धाबं तुन्हं, चव तुन्ही." आणि उठून कावळ्यांवर काठी उगारली.

पुढच्या प्रत्येक पाळीलाही मीठ काकीच्याच मुठीने पडलं, आणि त्या वर्षी सगळ्या गल्लीचे बिबडे खारट झाले. इतके खारट की तळले तरी जीभ सोलायची. बोलायचं तर कुणाला? आईने मुठी पाहिल्या होत्या, तिला तिथेच कळलं होतं. वर्षभर ती ते बिबडे मुकाट्याने खात राहिली. एकदा कचेरीतले अव्वल कारकून सहकुटुंब आले. गड्याने कारंजं सोडलं, त्यांनी झोपाळ्यावर बसून झालरीची तारीफ केली. बायकोने बिबडे तळून आणले. एक तुकडा तोंडात घातल्यावर ते तारीफ विसरले आणि पाणी मागू लागले. हौदातलं पाणी तोवर बैलांनी संपवलं होतं, तेव्हा घरातून आणावं लागलं.

मी आईला म्हणालो, गोठ्यावर सपाट धाबं घालून देतो, लवकरच घालतो. तिने फक्त विचारलं, गोठ्यावर कोणती सून चढेल? आणि तिचं खरं होतं. गुरांच्या शेणावरच्या माळ्यावर कुणी आपलं वर्षाचं अन्न वाळवत नाही. कौलं काढून पुन्हा धाबं घालायचं तर मेहुणा हसला असता, मिस्त्री हसला असता, कचेरीत चर्चा झाली असती. एवढ्याशा माणसांच्या हसण्याला मी भ्यालो. त्यांच्यापैकी एकाच्याही आईला कधी मागच्या दाराशी बसावं लागलं नव्हतं. मेहुण्याने पुढे नवापूरला स्वतःचं घर बांधलं. मी बघायला गेलो तर मागच्या अर्ध्या भागावर सपाट धाबं. बायकांना पापडांना लागतं ना, असं म्हणाला. लाज नावाची गोष्ट त्याच्याकडे नव्हती, आणि मी तिथे त्याच्याकडचा चहाही प्यालो, म्हणजे माझ्याकडेही नसावी.

आईचे गुडघे आता गेले आहेत. तरी चैत्र आला की ती काठी घेऊन निघते. चढायला कुणाचा तरी आधार लागतो, म्हणून मी जातो. काकीच्या भिंतीला आमचीच शिडी लावलेली असते. मी ती खालून दोन्ही हातांनी धरतो, आई एकेक पायरी चढते, आणि वरून हात देऊन तिला ओढून घेते ती काकी. दोघी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण चाटू अजून काकीच्याच हातात असतो आणि आई अजून कडेलाच बसते.

यंदा आई वर पोचली आणि मी शिडी सोडणार तेवढ्यात काकीने कडेवरून खाली वाकून पाहिलं. तिची नजर माझ्या डोक्यावरून आमच्या घरावर गेली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुन्ही झालर आठून, मन्हा धाबावरून, भारी दिसस."

आई पाठमोरी होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. मला म्हणाली, शिडी घट्ट धर, अजून तुझी बायको चढायची आहे. मी पुन्हा शिडी धरली.