डोळ्यांखालचे बाबा

या जगात न मोजता येणारी गोष्टच नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि गेली अठरा वर्षं तो रोज माझ्या शेजारी बसतो. म्हणजे कंपनीच्या बसमध्ये. भोसरीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या बसमध्ये जागा कुणी वाटून दिलेल्या नाहीत, पण कुणाच्या जागेवर कुणी बसत नाही. माझ्या नशिबी उजवीकडची चौथी सीट आणि खिडकीशी हा. मी स्टोअरमध्ये आहे, तो क्वालिटीत इन्स्पेक्टर. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते, आणि ती बाहेर यायला निमित्त लागत नाही. नाक्यावरच्या वडापावातला वडा त्याने एकदा पट्टीला लावून परत केला. एका लग्नात जिलबीचा व्यास मोजताना आचाऱ्याने त्याला पाहिलं, तेव्हा आम्हा दोघांना मठ्ठा न पिताच निघावं लागलं. एकदा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "राव, मिशी डावीकडे दोन मिलिमीटर जास्त आहे." मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही, आणि संध्याकाळी घरी जाऊन गुपचूप कात्री घेतली. दोन मिलिमीटरच होती हो!

कारखान्यात एक रीत आहे. मशीनवरून निघालेला पहिला नग इन्स्पेक्टरने तपासायचा, त्यावर सही करायची, आणि मगच पुढचे नग काढायचे. याला फर्स्ट पीस म्हणतात. या माणसाने ही रीत घरीही नेली. पोह्यांची पहिली बशी याने ओके केल्याशिवाय दुसरी भरायची नाही. वहिनींनी एका सकाळी झारा उगारला, तेव्हापासून ती पद्धत बंद झाली, असं वहिनी सांगतात. त्याचं म्हणणं, तात्पुरती स्थगित आहे. मात्र खोट्या गोष्टीवर सही त्याने कधी केली नाही. साहेब डोक्यावर उभा असताना, गाडी भरून दारात तयार असतानाही त्याने माल लाल टॅग लावून अडवलेला मी पाहिलाय. तेवढ्यासाठी त्याचे बाकीचे सगळे गुन्हे मी माफ केले आहेत.

आता त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांबद्दल. पंचेचाळिशीनंतर त्या दिसू लागल्या आणि पन्नाशीला चांगल्या भिजवलेल्या खारकांएवढ्या झाल्या. गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, डबल शिफ्ट का?" कुणी झोपेच्या गोळ्या सुचवायचं, कुणी हळूच दारूचा विषय काढायचं. याला काही वाटायचं नाही. म्हणायचा, "बाबांची डिझाइन आहे राव, आपण काय बदलणार?" बाबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर जागून जागून त्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या, असं आईचं मत. ते जाऊन दहा वर्षं झाली. मग दोन वर्षांपूर्वी आईला एकटं ठेवणं जमेना, म्हणून याने तिला बीडकडच्या गावाहून भोसरीत आणलं. ती विसरायला लागली होती. सुनेला ओळखायची, शेजारणींना ओळखायची. पण हा कामावरून आला, की डोक्यावर पदर घेऊन उठून उभी राहायची. "आलात व्हय? हातपाय धुवा," म्हणायची. आणि पुढे, "अवो, पोरगं लई वांड झालंय. शाळंत जात न्हाई. तेवढा कान पिळा त्याचा."

एकदा हे सांगताना तो हसला. "स्वतःच्याच तक्रारी ऐकतोय राव. परवा म्हणाली, शेजाऱ्याच्या कैऱ्या पाडल्या पोरानं. खरंय, पाडल्या होत्या." मीही हसलो. मग मोशीचा सिग्नल लागला आणि तो एकदम म्हणाला, "दीड वर्ष झालं, मला एकदाही हाक मारलेली नाही तिने. घरात आहे, समोर आहे, आणि मी तिला भेटतच नाही." या पिशव्यांमुळेच ती आपल्याला बाबा समजते, असं म्हणून त्या काढून टाकायचं त्याने तिथंच ठरवलं.

मी त्याला चार शब्द सुनावले. म्हटलं, "शुद्धीवर आहेस का? डोळ्याशी खेळ नको." त्याने ऐकलं नाही, उलट रजा टाकून मलाच चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सोबत नेलं. बाई शांत होत्या. ब्लडप्रेशर, थायरॉइड, डोळे कोरडे पडतात का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. पापणीच्या केसांच्या अगदी खाली बारीक छेद घेऊन आतली चरबी काढू किंवा सारखी करू, जास्तीची त्वचा थोडी कमी करू, त्याच दिवशी घरी जाल, असं समजावलं. आमच्या माणसाने वही उघडून विचारलं, "टॉलरन्स किती?" बाई म्हणाल्या, "म्हणजे?" म्हणजे इकडेतिकडे किती फरक चालेल, ते मी सांगितलं. मग याने मुख्य मागणी मांडली. आधी फक्त उजवा डोळा करा, मी आरशात फर्स्ट पीस तपासतो, सही करतो, मग डावा घ्या. बाई इतक्या हसल्या, की बाहेरची नर्स आत डोकावली. "अहो, तेव्हा तुम्हाला दिसणार फक्त सूज," त्या म्हणाल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पिशव्या काढता येतात, वय नाही. आणि आई ओळखतील, याची खात्री मी देणार नाही." बाहेर आल्यावर तो खूश होता. "जे हातात नाही त्यावर बाईंनी सही केली नाही. पक्क्या क्वालिटीच्या आहेत."

ऑपरेशन सोमवारी झालं. आमची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून तिसऱ्या दिवशी मी केळी घेऊन त्याच्या घरी गेलो, आणि दारातच दचकलो. दोन्ही डोळे सुजून फटी झालेले, गाल काळेनिळे, टाके डोकावतायत. बाईंनी आधीच बजावलं होतं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. थंड पट्ट्या ठेवा, दोन उशा घेऊन झोपा, वाकू नका, जड उचलू नका, टाके आठवड्याने काढू, निळेपणा दोन आठवडे राहील, खरं रूप कळायला काही महिने जातील. हे सगळं वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरीही या गृहस्थाने आरशाला लाल टॅग चिकटवला होता, रिजेक्ट! कंपनीतला व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, गालाजवळ धरून तो फुगवटा मोजत होता. "आधीपेक्षा चार मिलिमीटर जास्त आहे राव. गेलं काम. आता ती मला बाबा पण समजणार नाही." फटींतून पाणी येत होतं, ते औषधाचं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून आईंसमोर गेलेच नाहीत. घाबरतील म्हणतात."

तेवढ्यात आईच चालत बाहेर आल्या. तो तोंड फिरवून उभा राहिला. त्या जवळ गेल्या, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, नि बघत राहिल्या. पदर डोक्यावर गेला नाही. तो त्यांनी बोटाला गुंडाळला आणि त्याच्या गालाशी नेत म्हणाल्या, "पिंट्या, कुनी मारलं रं तुला? नाव सांग त्याचं. जातेच मी त्याच्या घरी!"

बावन्न वर्षांचा माणूस जमिनीवर बसला आणि आईच्या गुडघ्यांना मिठी मारून हमसून रडला. वाकायचं नाही, रडायचं नाही, डोळ्यांवर ताण द्यायचा नाही, असलं कसलं पथ्य नि कसलं काय! वहिनी आत निघून गेल्या. मी केळी हातात धरून उभाच होतो, ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

पुढे सूज उतरली, निळेपणा पिवळा होऊन गेला. पापण्यांखाली आता बारीक रेघ उरली आहे, ती त्याने मला दहा वेळा दाखवली. "डावीकडे अर्धा मिलिमीटर फरक आहे, पण चालेल," असं तो म्हणतो. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आई रोज ओळखतात असं नाही. पण आठवड्यातले चार-पाच दिवस पिंट्या शाळेतून घरी येतो, शिव्या खातो, कान पिळून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या शिव्या मला मोठ्या अभिमानाने ऐकवतो.

गेल्या शुक्रवारी मात्र त्याने शिवी ऐकवली नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "काल दुपारी आईनं विचारलं, पिंट्या, तुजे बाबा लई दिवस झाले आले न्हाईत रं." 

"मग?"

"म्हणालो, मुक्कामी गाडीवर गेलेत. येतील सकाळच्या फेरीला."

मी त्याच्याकडे बघितलं. "खोट्या गोष्टीवर सही केलीस की राव."

"केली," तो म्हणाला. "तिनं त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला सांगितली, आणि निवांत झोपली."

बस मोशीच्या सिग्नलला थांबली होती. त्याने सवयीने खिशातली पट्टी काढली, खिडकीच्या काचेत स्वतःचे डोळे एकदा पाहिले, आणि काही न मोजता ती परत ठेवून दिली.