गोमाजीचा खिशातला प्रॉम्प्टर

सानगडीच्या गोमाजीने उभ्या आयुष्यात एक वाक्य पाठ केलेलं नाही, तरी झाडीपट्टीच्या नाटकांत तो वर्षानुवर्षं नायक होता. आमच्याकडे हे चालतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक लागतं, आज हे गाव तर उद्या ते. पाठ करायला वेळ कोणाला? प्रॉम्प्टर पडद्याआडून वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि पब्लिकवर फेकतो. मी त्याच कंपनीत ऑर्गन वाजवायचो, म्हणून सांगतो. टाळ्या गोमाजीला पडायच्या आणि घसा भैय्यालालचा बसायचा.

भैय्यालाल आमचा प्रॉम्प्टर. त्याची खुबी अशी, की टाळी पडली की तो थांबायचा आणि टाळी विरली की अचूक पुढचं वाक्य द्यायचा. गोमाजीला वाटायचं, ही आपलीच कला.

पोट सुटलं तसं कंपनीने नायकाचं काम दुसऱ्याला दिलं आणि गोमाजीने फोनवर चॅनल काढलं. साकोलीच्या मोबाईलवाल्याने त्याला टेलिप्रॉम्प्टरचं ॲप टाकून दिलं. कॅमेऱ्याजवळ अक्षरं हळूहळू वर सरकतात, आपण ती वाचायची, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय तोंडपाठ आहे या माणसाला! गोमाजी हरखला. सरळ भैय्यालालच्या घरी जाऊन त्याने फोन नाचवला.

"पाय बे, आता तुही गरज नाही. माहा प्रॉम्प्टर माह्याच खिशात. बिडी मांगत नाही, रुसत नाही."

"चांगलं आहे ना बावा," भैय्यालाल म्हणाला. इतकंच. राग मला आला.

मग ज्ञानाला पूर आला. धानावरचा तुडतुडा, गुडघेदुखी, मुलांवरचे संस्कार, जनावरांची निगा, काहीही. इंटरनेटवर सापडेल ते एकाखाली एक चिकटवायचं आणि शुद्ध मराठीत गर्जायचं. नवी फाइल कशी उघडतात ते त्याला कधी जमलं नाही, त्यामुळे सगळं ज्ञान एकाच लांबलचक फायलीत. "शेतकरी बंधूंनो" म्हणताना त्याचा कंठ दाटून यायचा. स्वतःच्या धानाच्या बांधीत पाय टाकून त्याला किती हंगाम झाले हे मात्र विचारू नका. धान त्याची बायको, आमच्या पुष्पावहिनी, पिकवायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या कापणीची गोष्ट. वहिनींच्या अंगात ताप होता. तशातच धानाचे भारे वाहून त्या घरी आल्या आणि ओसरीवर खोकत बसल्या. आत रिंगलाइट लावून रेकॉर्डिंग चाललं होतं. विषय होता, घरच्या लक्ष्मीची तब्येत कशी जपावी. गोमाजी दारात येऊन खेकसला, "खोकू नोको ना वो! आवाज येऊन रायला अंदर. कितीदा घेऊ मी?"

वहिनी पाणी प्यायल्या, पिशवी भरली आणि करडीला भावाकडे निघून गेल्या. व्हिडिओ मात्र छान झाला.

आठवडाभर गोमाजी चॅनलच्या तोऱ्यात होता. मग घरातली भांडी संपली, म्हणजे घासलेली. शेजाऱ्यांच्या घरचा चहा किती दिवस पिणार? मोटारसायकल काढून करडीला जावं आणि माफी मागावी, हे कोणालाही सुचलं असतं. गोमाजीला सुचला माफीचा व्हिडिओ. कुठून तरी मजकूर उचलून त्याने तो फायलीच्या डोक्यावर चिकटवला, पांढरा सदरा घातला आणि सुरुवात केली. पहिली चार वाक्यं, खोटं कशाला बोलू, झकास होती. "पुष्पा, तू माझ्या संसाराचा कणा आहेस!" म्हणून त्याने दोन्ही हात पसरले आणि थांबला.

अशा जागी आमच्याकडे टाळी ठरलेली. गोमाजी टाळीसाठी थांबला. ॲपला काय कळतं टाळीतलं? अक्षरं सरकत राहिली, माफी वर निघून गेली आणि खालचा मजकूर समोर आला. मनातल्या टाळ्या विरल्यावर गोमाजीने दिसलं ते वाक्य त्याच गहिवराने उचललं, "म्हणून गाभण असताना तिला सकाळ-संध्याकाळ हिरवा चारा द्यावा, आणि अंगावर गोचीड आहेत का ते पाहावं!"

झाडीपट्टीत बोललेलं वाक्य मागे घ्यायची पद्धत नाही. चुकलं तरी पुढे रेटायचं. त्याने रेटलं, पुन्हा न पाहताच चॅनलवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा तालुका पोट धरून हसत होता. गोमाजीला वाटलं, गाजला.

संध्याकाळी मला पुष्पावहिनींचा फोन आला. "भाऊजी, चाऱ्याचं जाऊ द्या, मले बी हासू आलं. पन त्याइची नजर पाहा ना. या बाजूनं त्या बाजूले जाऊन रायली. बायकोची माफी बी वाचून मांगतली त्याइनं. आता सांगून देतो, समोर येऊन सोताच्या मनानं एक शबद बोलतीन, तं मी घरी येईन. नाही तं इथंच बरी आहो मी."

मी गोमाजीला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द! त्याचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. आणि हा बहाद्दर गेला कुठे? भैय्यालालकडे. "चाल ना बे करडीले, सोबत पाहिजे," म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर दारातून हाकलला असता. भैय्यालाल चप्पल घालून निघाला. गोमाजीसाठी नव्हे; नाटकाच्या दिवसांत पहाटे परतलो की भैय्यालालसाठी भाकर झाकून ठेवणाऱ्या वहिनीच असायच्या.

माझ्या मोटारसायकलवर ट्रिपल सीट आम्ही पोचलो, तेव्हा वहिनी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. गोमाजीने सदरा ठीक केला आणि खिशात हात घातला. वहिनींनी हात पुढे केला. "तो फोन इकडे द्या." त्यांनी तो मांडीखाली ठेवला. "आता बोला."

गोमाजीने छातीवर हात ठेवला. तोंड उघडलं. आवाज नाही. पाखडणं थांबलं. मग त्याची मान आपोआप बाजूला वळली, जिथे खांबाआड भैय्यालाल बसला होता. भैय्यालालचे ओठ हलले. त्याने ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही.

"पुष्पा, माझं चुकलं."

"पुष्पाऽ! माझं चुकलं!" गोमाजी असा गरजला की कोंबड्या पांगल्या.

"तू तापानं फणफणली होतीस." भैय्यालालचा आवाज कापत होता. "मी तुला पाणी द्यायचं सोडून गप्प केलं."

गोमाजीने तेही उचललं, हातवाऱ्यासकट, आणि टाळीसाठी थांबला.

वहिनी त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या खांबाकडे पाहत होत्या, आणि डोळे भरले होते.

"भैय्यालालभाऊ, तुमची माफी पोचली मले," त्या म्हणाल्या. "आता चूप राहा जी. याइले बोलू द्या."

भैय्यालालने मान खाली घातली. गोमाजीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. कुठूनच वाक्य आलं नाही. घाम पुसला. मग अगदी साध्या, बारीक आवाजात, जो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता, तो म्हणाला, "पुष्पा, चहापत्ती कुठी ठेवली वो? सापडूनच नाही रायली."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. भैय्यालालने कपाळावर हात मारला.

वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हे मातर तुमचं सोताचं आहे," त्या म्हणाल्या. "खालच्या फळीवर, गुळाच्या डब्यामागं." मग त्यांनी मांडीखालचा फोन काढून त्याच्या हातात ठेवला. "सापडली का फोन करून सांगा. वाचून नोका सांगू."

आणि सूप उचलून त्या पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या.