ओलं नाक

पहाटेच्या अर्धवट उजेडात सोनचाफ्याच्या कळ्या खुडत असावं आणि मागून पोटरीला काहीतरी ओलं, गार टेकावं! भुईगावची आमची वाडी मला फुलांच्या दरवळाइतकीच या स्पर्शानेही ओळखता येते. तो स्पर्श राणीच्या नाकाचा. राणी आमची कुत्री. खरं तर माझ्या सासऱ्यांची, आप्पांची. सासूबाई गेल्यापासून आप्पा घरात मोजकंच बोलतात आणि उरलेलं सगळं तिला सांगतात. त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं नाव काढलं, की ते तिला घेऊन सरळ विहिरीकडे चालू लागत.

गेल्या वर्षी एका दुपारी राणीच्या घशात मासळीचा काटा रुतला. केळीच्या वाडीतली माणसं जे करतात, तेच आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने केलं: काटा खाली उतरावा म्हणून तिला पिकलं केळं भरवलं. आमच्या घरातले काटे पिढ्यान्‌पिढ्या असेच उतरत आलेले! तिचा मात्र अधिकच खोल गेला. संध्याकाळी ती मान ताणून लाळ गाळत बसली, नाक कोरडं पडलं, तेव्हा आप्पांनी तिला उचललं आणि आम्ही दवाखाना गाठला.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरबाईंची एक रीत मला फार आवडते. जनावराला टेबलावर घेण्याआधी त्या स्वतः जमिनीवर बसतात, हात पुढे करतात आणि त्याला निवांत हुंगू देतात. ज्याला आपली वेदना सांगता येत नाही, त्याची अनुमती आणखी कशी मागणार? मग त्यांची बोटं राणीच्या गळ्यावरून फिरली आणि एका जागी थांबली.

"आहे इथेच, निघेल. केळी आता तुम्हीच खा," त्या हसून म्हणाल्या. "भूल द्यावी लागेल, आप्पा. तुम्ही बाहेर जायचं नाही. डोकं धरा आणि घरी बोलता तसं बोलत राहा."

"गप गं माझी बाय, मी हाय ना," आप्पा म्हणत राहिले. तिचे डोळे मिटेपर्यंत आणि मिटल्यावरही. त्यांचा आवाज हेही तिथलं एक औषधच होतं, आणि ते कुठे वापरायचं हे कळणं ही केवढी मोठी विद्या! घरातल्या मुक्या जीवावर उपचार करणाऱ्याला त्या घराचंही मन सांभाळावं लागतं. चिमट्याच्या टोकाला काटा दिसला तेव्हा मी खुशाल रडून घेतलं.

परतताना रिक्षात राणीचं जड डोकं आप्पांच्या मांडीवर होतं. ते तिचे कान कुरवाळत होते. मग म्हणाले, "माझ्या डोळ्याचंपण करून टाकू. तू बोलत राहशील ना?"

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत मी बोलत राहिले. चाफ्याचं, केळीचं, राणीचं, सुचेल ते.

आता पहाटे पोटरीला ते गार नाक टेकतं आणि ओटीवरून आप्पांची हाक येते, "अगं, ती वरच्या फांदीवरची कळी राहिली बघ!"