ओसरीवरचा जावई

आमच्या समोरच्या काकांच्या घरात एक वेळ चोर शिरेल, पण परक्याचा मोबाईल शिरणार नाही. अख्ख्या राजारामपुरीत त्यांच्याइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, म्हणजे हट्टी माणसं मला कमी भेटली असं नाही. काकांनी हयात कागलच्या एमआयडीसीत फिटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर लोक बागेत पाणी घालतात. यांनी भंगारातून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि इंटरनेटची वायर घरात शिरते तिथंच फायरवॉल म्हणून बसवला. आत येणारं-बाहेर जाणारं सगळं त्याच्या परवानगीनं. "गेटपास न्हाय म्हणून आमच्या कंपनीत मालकाचा भाऊ उन्हात उभा केलता, बाई," असं ते मला अभिमानानं सांगत.

घरातल्या वायफायचे त्यांनी दोन भाग केले: माजघर आणि ओसरी. ओसरीवर पाहुण्यांना इंटरनेट हवं तेवढं, पण तिथून घरातल्या टीव्हीपर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत वाट नाही. माजघरात फक्त यादीत नाव असलेली उपकरणं. महिनाभर न दिसलेलं नाव दर एक तारखेला कटाप. काकूंनी नवा फोन घेतला तेव्हा लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या त्या बाईलाही दोन दिवस ओसरीवर काढावे लागले. एकदा नियम इतके आवळले की स्वतः काकाच बाहेर अडकले, घरात तीन दिवस इंटरनेट नाही. "चुकलं ना काका?" मी विचारलं. "चुकतंय कशाला? भिंत पक्की हाय, एवढं कळालं की!"

मग गारगोटीचा जावई आला. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ सासऱ्यांच्या टीव्हीवर लावायचा म्हणून त्यानं हौसेनं मोबाईल काढला, तर मोबाईल ओसरीवरच अडकला.

"जावयाला ओसरीवर बसवताय, मामा?"

"जावई माझा हाय. मोबाईल न्हाय."

जावई ताटावरून उठला. लेक म्हणाली, "माझ्या माणसाला आत जागा न्हाय, तर मीबी येत न्हाय." आणि खरंच आली नाही. गारगोटी काय लांब आहे? काकू डोळे पुसत, मी भांडत असे, काका मात्र तसूभर हलले नाहीत. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्क्रीन बघायला मनाई केली, तेव्हा एक तारखेची यादी वाचायला मला बोलावलं. जुना टॅब? "काढा." काकूंचा आधीचा फोन? "काढा." पुढचं नाव होतं, 'लेक, गारगोटी'. शेवटचं दर्शन दोन वर्षांपूर्वीचं, नियमानं केव्हाच कटाप व्हायला हवं होतं.

"काढू?"

काकांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा नीट केला. "ऱ्हाऊ दे. आली तर दारात अडाय नको."

"आणि जावई?"

"त्यो ओसरीवरच! नियम म्हंजे नियम." मग खाकरून म्हणाले, "बाई, एक काम करा. टीव्ही भाईर ओसरीवर घ्या."

मी निमूटपणे टीव्ही ओसरीच्या वायफायवर घेतला. त्यालाही आता वर्ष होत आलं. काकांना स्वच्छ दिसतं, तरी एक तारखेला यादी वाचायला मलाच बोलावतात. त्या नावाशी मी आले की म्हणतात, "फुडं वाचा," आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतात.