स्वल्प अण्णांचे उलटे हात

ज्या माणसाने देशाच्या संघातून हॉकी खेळली, त्याने एका शाळेच्या मैदानावर, मुलींच्या देखत, उलट्या हातांनी स्टिक धरून स्वतःचे हसे का करून घेतले? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मी त्या मुलींपैकी एक होते. तेव्हा मीही हसले होते, आणि उत्तर कळायला मला स्वतः शिक्षिका व्हावे लागले.

आधी थोडी पार्श्वभूमी. नव्वदच्या दशकाचा आरंभ होता. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो होतो आणि मी इंदिरानगरच्या एका मुलामुलींच्या शाळेत शिकत होते. शाळेचे मैदान लाल मातीचे. पावसानंतर सगळ्यांचे पांढरे मोजे विटकरी होत. त्या वर्षी मुलींच्या हॉकीसाठी नवे प्रशिक्षक आले. गुडघ्याने दगा दिल्यामुळे त्यांचा खेळ सुटला होता. ते बँकेत नोकरीला होते, आणि बँकेने त्यांना संध्याकाळी लवकर सोडायचे कबूल केले होते, तेही एका वर्षापुरते. वर्षअखेर शाळेला त्यांचे काम पटले नाही, तर ते पुन्हा दिवसभर बँकेच्या खुर्चीवर बसणार होते आणि आमची मैदानाची वेळ मुलांच्या क्रिकेटला जाणार होती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकले. सगळ्या मुली त्यांना अण्णा म्हणत. ते मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे इतरांशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत.

अण्णांचा आवडता शब्द होता ‘असं’. कुणाचे चुकले की ते तिच्या हातातून स्टिक घेत. “असं घ्यायचं, असं द्यायचं. सोपं हाय की.” वेगाने आलेला चेंडू त्यांच्या स्टिकपाशी येऊन मांजरासारखा गप्प बसे. आम्ही टाळ्या वाजवत असू. मग स्टिक आमच्या हातात येई, आणि तोच चेंडू ठक्कन आपटून कुंपणाजवळच्या गटारात जाई. सामने आम्ही हरतच होतो. अण्णांचा आवाज चढू लागला होता. इतकी सोपी गोष्ट या मुलींना का येत नाही, हे त्यांना खरोखरच उमगत नव्हते.

मला गणित आवडे आणि प्रत्येक पायरी विचारायची सवय होती. एका संध्याकाळी मी विचारले, “अण्णा, असं म्हणजे कसं?”

आता ओरडा बसणार म्हणून बाकीच्या मुली दोन पावले मागे सरकल्या. अण्णांनी चेंडू मागवला आणि अडवला. पुन्हा मागवला, पुन्हा अडवला. स्वतःच्या हातांकडे ते दुसऱ्या कुणाचे हात पाहावेत तसे पाहत राहिले. मग कडेच्या रोलरवर जाऊन बसले आणि मला म्हणाले, “मला येतंय. पण मला काय येतंय, ते मला माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात बदलले. ज्यांनी हॉकी खेळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: स्टिकच्या वरच्या टोकाशी डावा हात असतो आणि खाली उजवा. डावखुरे खेळाडूही असेच धरतात. अण्णांनी उजवा हात वर नेला आणि डावा खाली. पहिलाच चेंडू स्टिकला लागून त्यांच्या नडगीवर बसला. आमची गोलरक्षक कावेरी जिभेची तिखट होती. ती त्यांच्याच सुरात म्हणाली, “अण्णा, असं घ्यायचं, असं द्यायचं.” सगळ्यांत मोठ्याने अण्णाच हसले.

हे महिनाभर चालले. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून पाहत असत. आम्ही त्यांना ‘मिस’ म्हणत असू. हे गृहस्थ खरोखरच देशाकडून खेळले होते ना, अशी चौकशी त्यांनी खेळाच्या शिक्षकांकडे केल्याचे आमच्या कानांवर आले. अण्णांच्याही आले असावे. त्यांनी हात मात्र बदलले नाहीत.

आणि एके दिवशी त्या उलट्या हातांत चेंडू थांबला. अण्णांनी मला हाक मारली. “खालचा हात बघ. चेंडू येतोय तेव्हा तो स्वल्प सैल सुटतोय, आणि स्टिक स्वल्प मागं जातीय. झाडावरनं पाडलेली पपई झेलताना हात खाली नेतीस की नाही? तसं.” कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडेसे. मला तो शब्द फक्त मराठीच्या पुस्तकातल्या स्वल्पविरामामुळे माहीत होता. त्या संध्याकाळी मी आयुष्यात प्रथमच वेगाने आलेला चेंडू अडवला. त्यानंतर ‘असं’ हा शब्द मैदानातून गेला. स्वल्प वाकून, स्वल्प उशिरा, स्वल्प डावीकडे. कावेरीने त्यांचे नाव स्वल्प अण्णा ठेवले आणि तेच टिकले.

वर्षअखेरीस मिस मैदानावर आल्या. तोपर्यंत आम्ही काही सामने जिंकलो होतो, काही हरलो होतो. त्यांनी त्याबद्दल विचारलेच नाही. वर्षभरात काय शिकलात, एवढेच विचारले. मुलींनी मला पुढे ढकलले. मी माझी स्टिक मिसच्याच हातात दिली आणि हात कुठे ठेवायचे ते दाखवले. कावेरीने चेंडू हलकेच मारला. तो स्टिकला लागून लांब उडाला. मी अण्णांकडे पाहिले. ते हात पाठीमागे बांधून उभे होते. शिकवणे आता माझ्याकडे होते.

“मिस, खालचा हात स्वल्प सैल. स्टिक स्वल्प मागे.”

दुसरा चेंडू त्यांच्या साडीच्या काठाशी येऊन थांबला. मिसनी त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “सरी,” म्हणजे ठीक आहे, आणि तशाच, माझी स्टिक हातात घेऊन, कचेरीकडे निघून गेल्या. मैदान आमच्याकडे राहिले, आणि अण्णा पुढे अनेक वर्षे तिथेच शिकवत राहिले.

शाळा संपवून मी पुण्याला निघाले तेव्हा त्यांना नमस्कार करायला गेले. शिक्षिका व्हायचे मनात आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, “मग अधनंमधनं हात बदलत जा गं. आपल्याला कधी येत नव्हतं, ते माणूस विसरतोय.” तीच आमची शेवटची भेट. ते गेल्याचे मला कावेरीने फोनवर कळवले.

मी पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवते. एखाद्याचा ‘ळ’ पुन्हा पुन्हा कोलमडतो आणि माझा आवाज चढू लागतो, तेव्हा मी पेन्सिल डाव्या हातात घेऊन त्याच्या शेजारी बसते. माझा ‘ळ’ त्याच्यापेक्षा वाईट येतो. तो हसतो. मग आम्ही दोघे मिळून पाहतो की पेन्सिल नेमकी कुठे अडते.

हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. ज्या हाताने आपण लिहीत नाही, त्या हाताने एकदा स्वतःचे नाव लिहून पाहा, आणि लगेच एखाद्या मुलाला काही शिकवायला बसा. आपला आवाज बदलतो की नाही, ते तुम्हीच ताडून पाहा.